दोन रेषा भेटतात केव्हां?

नाशिकरोडच्या फलाटावर उभ्या असलेल्या उतारूला वेळापत्रकाच्या फलकावर आंकडे दिसतात. अमुक गाडी अमुक वाजतां येते, अमुक वाजतां सुटते. त्याला तेवढें पुरतें. परंतु ज्यांना त्या गाड्या एकमेकींच्या वाटेंत न येऊं देतां चालवावयाच्या असतात, त्यांचें काम आंकड्यांवर भागत नाहीं. रेल्वेच्या नियंत्रण-कचेरींत, जिला तेथील मंडळी नुसतें कंट्रोल म्हणतात, तेथें वेळापत्रक रेघांचें असतें. डावीकडून उजवीकडे तास आणि मिनिटें मांडलेलीं. खालून वर इगतपुरी, घोटी, देवळाली, नाशिकरोड, मनमाड अशीं स्टेशनें, त्यांच्यामधील अंतराच्या प्रमाणांत. आणि या चौकटींतून तिरप्या गेलेल्या कितीतरी रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे एक गाडी. पूर्वीं या रेघा कागदावर पेन्सिलीनें ओढीत. आतां त्या संगणकाच्या पडद्यावर उमटतात. रेघांचा अर्थ मात्र तोच राहिला आहे. ही पद्धति फ्रान्समध्यें एकोणिसाव्या शतकांतच निघाली, आणि मारे नांवाच्या शास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथांत छापलेला पॅरिस-लियों मार्गाचा असा तक्ता आजही आलेखशास्त्राचे अभ्यासक कौतुकानें पाहतात.

दहावीच्या बीजगणितांत दोन चलांतील रेषीय समीकरणांचा पाठ असतो आणि त्यांत दोन समीकरणांचे आलेख एकाच कागदावर काढावयास सांगतात. बहुतेक विद्यार्थी हें पट्टीनें रेघा मारण्याचें काम समजून उरकतात. दोन बिंदु मांडले, रेघ मारली. आणखी दोन मांडले, दुसरी मारली. आणि जेथें कातरी झाली तेथील आंकडे वाचून उत्तर लिहिलें. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु या घाईंत जो प्रश्न मनांत यावयास हवा तो येतच नाहीं. एकाच कागदावरील दोन सरळ रेषांमध्यें संबंध तीनच प्रकारचे संभवतात. एक तर त्या एका बिंदूंत छेदतील. नाहीं तर समांतर राहून कधींच भेटणार नाहींत. नाहीं तर दोन म्हणून सांगितलेल्या रेषा मुळांत एकच निघतील. चौथा प्रकार नाहीं, कारण सरळ रेषेला वळण नसतें, आणि एकदां छेदून गेलेल्या दोन रेषा पुन्हां भेटावयास परत येत नाहींत. मग कागदाला पेन्सिल न लावतां, नुसत्या समीकरणांकडे पाहून, या तिहींपैकीं कोणता प्रकार आहे हें सांगतां येईल काय? येतें, आणि कित्येक प्रसंगीं तें पेन्सिलीपेक्षां अधिक खरें असतें.

नभोवाणीवरून आकृति दाखवितां येत नाहीं, ही या विषयाची अडचण आहे खरी. श्रोत्यांनीं रेल्वेचा तो तक्ता डोळ्यांपुढें आणावा म्हणजे काम भागेल. त्यांत भरधांव गाडीची रेघ अधिक उभी, रखडत चालणाऱ्या मालगाडीची अधिक पसरट, आणि स्टेशनांत थांबलेल्या गाडीची अगदीं आडवी असते. कारण वेळ पुढें सरकते पण गाडी जागची हलत नाहीं. मुंबईकडून येणाऱ्या गाडीची रेघ चढती, मुंबईकडे जाणारीची उतरती.

इगतपुरीपासून नाशिकरोड रेल्वेनें सुमारें ५१ किलोमीटर आहे. समजा, सकाळीं ठीक आठ वाजतां एक गाडी इगतपुरीहून निघाली आणि ताशीं ६० किलोमीटर, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, या गतीनें कोठेंही न थांबतां नाशिककडे चालली. त्याच क्षणीं नाशिकरोडहून दुसरी गाडी इगतपुरीकडे निघाली. तिची गति ताशीं ४२ किलोमीटर, म्हणजे दहा मिनिटांत सात किलोमीटर. आठ वाजल्यापासून झालेलीं मिनिटें क्ष मानावीं, आणि इगतपुरीपासूनचे किलोमीटर य मानावे. पहिल्या गाडीच्या बाबतींत जितकीं मिनिटें तितकेच किलोमीटर; तेव्हां तिचें समीकरण क्ष − य = ०. दुसरी ५१ पासून सुरुवात करून दर दहा मिनिटांस सात किलोमीटरांनीं खालीं येते; तिचें समीकरण ७क्ष + १०य = ५१०. अजून दहा मिनिटें झालीं कीं ती इगतपुरीपासून ४४ किलोमीटरवर असावयास हवी. क्षच्या जागीं १० आणि यच्या जागीं ४४ घालून पाहावें, म्हणजे ७० आणि ४४० मिळून ५१० भरतात.

आतां या दोन गाड्यांची गांठ कोठें पडेल? पहिल्या समीकरणाला दहानें गुणिलें कीं १०क्ष − १०य = ० होतें. तें दुसऱ्यांत मिळविलें कीं य नाहींसा होतो आणि १७क्ष = ५१० एवढेंच उरतें. क्ष तीस, यही तीस. साडेआठ वाजतां, इगतपुरीपासून ३० किलोमीटरवर, घोटी मागें टाकून देवळालीच्या अलीकडे या गाड्या एकमेकींस भेटतात. (देवळाली म्हणजे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचें गांव. ६१७४ या संख्येची त्यांनीं शोधलेली गंमत सांगूं लागल्यास आजचा वेळ पुरणार नाहीं.)

येथें उत्तरापेक्षां तो १७ अधिक महत्त्वाचा आहे. तो आला कोठून? पहिल्या समीकरणांतील क्षचा सहगुणक १ आणि दुसऱ्यांतील यचा १०, यांचा गुणाकार १०. दुसऱ्यांतील क्षचा ७ आणि पहिल्यांतील यचा उणें १, यांचा गुणाकार उणें ७. दहांतून उणें सात वजा केले कीं १७. अशा तिरप्या गुणाकाराला आपल्या जुन्या गणित्यांनीं वज्राभ्यास असें नांव दिलें आहे. य घालविल्यावर क्षच्या पाठीशीं जी संख्या उरते ती नेहमीं या दोन तिरप्या गुणाकारांची वजाबाकीच असते. ती शून्य नसेल तर तिनें भागितां येतें, क्षला एक आणि एकच किंमत मिळते, आणि रेषा एकाच बिंदूंत छेदतात. ती शून्य असेल तर यला घालवितां घालवितां क्षही हातचा जातो. पाठ्यपुस्तकांत हीच गोष्ट गुणोत्तरांच्या भाषेंत असते: क्षच्या सहगुणकांचें गुणोत्तर आणि यच्या सहगुणकांचें गुणोत्तर सारखें नसेल तर रेषा छेदतात. हा नियम घोकून पाठ होतो. परंतु तो कां खरा आहे हें त्या सतरानें सांगितल्यावर घोकावयाचें फारसें उरत नाहीं.

मग दोन्ही गुणोत्तरें सारखीं असलीं तर काय? आठ वाजून दहा मिनिटांनीं इगतपुरीहून आणखी एक गाडी निघाली, आणि तिचीही गति ताशीं ६० किलोमीटरच आहे असें समजावें. तिचें समीकरण क्ष − य = १०. पहिल्या गाडीचें क्ष − य = ०. तिरप्या गुणाकारांची वजाबाकी येथें शून्य. एकांतून दुसरें वजा केलें कीं क्षही जातो, यही जातो, आणि कागदावर शून्य बरोबर दहा असें कांहींतरी विपरीत उरतें. पुष्कळ विद्यार्थी येथें घाबरतात, आपलेंच कोठें तरी चुकलें असें समजून सारें खोडतात आणि पुन्हां आरंभ करतात. वास्तविक चूक कोठेंच झालेली नसते. बीजगणित आपल्या भाषेंत सांगत असतें कीं, या दोन्ही अटी एकाच वेळीं पुऱ्या करणारी जागा नाहीं. मागची गाडी पुढचीला कधींच गांठणार नाहीं. त्यांच्यामध्यें कोणत्याही क्षणीं दहा किलोमीटर आणि कोणत्याही ठिकाणीं दहा मिनिटें हें अंतर कायम राहील. तक्त्यावर त्या समांतर रेषा होत. आणि एकामागून एक गाड्या सोडणाऱ्या माणसाला याहून समाधानाचें दृश्य क्वचितच दुसरें असेल.

तिसऱ्या प्रकारांत दोनच माणसें घ्यावीं. एक म्हणतो, “ती गाडी आठ-दहाला इगतपुरीहून सुटली, ताशीं ६० नें चालली आहे.” दुसरा म्हणतो, “आठ-चाळीसला ती इगतपुरीपासून ३० किलोमीटरवर होती, आणि तीन मिनिटांत तीन किलोमीटर जाते.” पहिल्याचें समीकरण क्ष − य = १०. दुसऱ्याचें मांडलें कीं ३क्ष − ३य = ३० होतें. शब्द निराळे, आंकडे निराळे, गाडी तीच! पहिल्याला तिपटीनें गुणिलें कीं दुसरें तयार. वजाबाकी केली कीं शून्य बरोबर शून्य उरतें; तें खोटें नाहीं, पण त्यांतून नवीन कांहीं कळतही नाहीं. अशा वेळीं उकली अनंत आहेत असें म्हणतात. या शब्दाचा एक अनर्थ मात्र टाळला पाहिजे. अनंत म्हणजे वाटेल त्या नव्हेत. क्ष २० आणि य १० ही उकल चालेल. क्ष २० आणि य १५ ही चालणार नाहीं, कारण आठ-वीसला ती गाडी पंधराव्या किलोमीटरवर नव्हतीच. एका रेषेवरचे सारे बिंदु चालतात. रेषेबाहेरचा एकही नाहीं.

समांतर रेषा आणि एकच रेषा यांतील भेद स्थिर संख्येवरून, म्हणजे बरोबरच्या चिन्हापुढील संख्येवरून, कळतो. क्ष आणि य यांचे सहगुणक ज्या पटीनें वाढले त्याच पटीनें तीही वाढली असेल तर रेषा एकच. तिनें पट मोडली असेल तर समांतर. व्यवहारांत हा भेद पैशांचा आहे. नाशिकच्या बाजारांत कोणी २ किलो द्राक्षें आणि ३ किलो कांदे घेऊन २५० रुपये दिले, आणि त्याच्या शेजाऱ्यानें त्याच दुकानांत ४ किलो द्राक्षें आणि ६ किलो कांदे घेऊन ५०० रुपये दिले. या दोन पावत्यांवरून द्राक्षांचा भाव काढा म्हटलें तर प्रत्यक्ष भास्कराचार्यांनाही निघावयाचा नाहीं. दुसरी पावती म्हणजे पहिलीच दोनदां लिहिलेली. शेजाऱ्याच्या पावतीवर ४८० रुपये असते तर मात्र कथा वेगळी. मग दोघांना एकच भाव लागलेला असणें अशक्य. एक तर शेजाऱ्याला सूट मिळाली, नाहीं तर बेरजेंत घोळ झाला. आणि तिसऱ्या कोणा गिऱ्हाइकानें १ किलो द्राक्षें आणि ४ किलो कांदे २०० रुपयांस नेले असतील, तर पहिल्या पावतीशीं ताडून द्राक्षें ८० रुपये किलो आणि कांदे ३० रुपये किलो हें चटकन् बाहेर पडतें. भाव विचारण्यापूर्वीं भाव निघूं शकतो कीं नाहीं हें पाहणें, एवढाच या नियमाचा उपयोग. पण तो थोडा नव्हे.

आतां पेन्सिलीवर फार विसंबूं नये असें म्हटलें त्याचें कारण. आठ वाजतां इगतपुरीहून एक मालगाडी ताशीं ५८ किलोमीटर गतीनें निघाली, आणि तिच्यामागून आठ-दहाला मघांचीच ताशीं ६० ची गाडी. इगतपुरी ते नाशिकरोड एवढाच भाग कागदावर काढला तर या दोन रेघा समांतर भासतील. आरंभीं दहा मिनिटांचें असलेलें अंतर नाशिकरोडला सव्वाआठ मिनिटांवर आलेलें असतें. बोथट पेन्सिलीला एवढा फरक कोठून दिसणार? परंतु समीकरणें पाहावीं. मालगाडीचें २९क्ष − ३०य = ०, मागून येणारीचें क्ष − य = १०. तिरपे गुणाकार केले कीं उणें २९ आणि उणें ३०. त्यांची वजाबाकी अवघा एक. लहान आहे, पण शून्य नाहीं. तेव्हां रेषा छेदणार हें ठरलें. कोठें? क्ष ३०० आणि य २९०. दोघी न थांबतां त्याच गतीनें चालत राहिल्या तर दुपारीं एक वाजतां, इगतपुरीपासून २९० किलोमीटरवर, जळगांव ओलांडून भुसावळच्या अलीकडे, मागची गाडी मालगाडीच्या शेपटाला जाऊन भिडेल. नाशिकरोडला निर्धास्तपणें समांतर म्हणून सोडून दिलेलें प्रकरण खानदेशांत उपस्थित होतें! त्यापूर्वींच कोठें तरी मालगाडीला बाजूच्या रुळावर घेऊन मागचीला वाट करून द्यावी लागेल, आणि तें कोठें करावयाचें हें ठरविण्यासाठींच आधीं रेषा छेदतात कीं नाहीं हें निश्चित कळलें पाहिजे.

भुसावळकडे जाणाऱ्या याच मार्गावर चाळीसगांव लागतें. तेथून जवळच पाटण येथें देवीच्या देवळांत एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला आणि त्याला दान मिळालें, असा त्याचा आशय; तो इ. स. १२०७ च्या सुमाराचा असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत प्रकाशांत आणला. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत एकाहून अधिक अव्यक्त राशींच्या समीकरणांचें प्रकरणच आहे, आणि त्या राशींना त्यांनीं यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं नांवें दिलीं आहेत. पहिली सोडली तर पुढच्या साऱ्या रंगांवरून. त्यांच्या पांचशें वर्षें आधीं, इ. स. ६२८ मध्यें, ब्रह्मगुप्तानेंही असा विषय हाताळला होता. या मंडळींना समीकरणें सोडवितां येत होतीं. समीकरण म्हणजे कागदावरची एक रेषा ही कल्पना मात्र नव्हती. ती १६३७ सालीं देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या भूमितीवरील ग्रंथानंतर रूढ झाली. तिरप्या गुणाकारांनीं उत्तर काढण्याची रीत आज ज्याच्या नांवानें दहावींत शिकवितात तो क्रेमर स्वित्झर्लंडचा, आणि त्याचा ग्रंथ १७५० चा. संख्या आणि आकृति या दोन विद्या इतकीं शतकें शेजारीं राहून एकमेकींस ओळखत नव्हत्या, याचें नवल वाटतें.

गुणोत्तरांच्या रीतींत एक खांचखळगा आहे, तोही सांगितला पाहिजे. क्ष = १५ असेंही रेषेचें समीकरण असूं शकतें. तक्त्यावर ती सरळ उभी रेषा होय. कोणत्याही गाडीची रेघ अशी असणें शक्य नाहीं, कारण एकाच क्षणीं इगतपुरीपासून मनमाडपर्यंत सगळीकडे असलेली गाडी म्हणजे गाडी नव्हे, चमत्कार. तरीही ही रेषा निरुपयोगी नाहीं. सव्वाआठ वाजतां प्रत्येक गाडी कोठें आहे, या प्रश्नाचीच ती रेषा आहे; ती ज्या रेघेला जेथें छेदील तें त्या गाडीचें त्या वेळचें ठिकाण. आतां क्ष = १५ आणि क्ष = ४० या दोहोंत यचे सहगुणक शून्य; त्यांचें गुणोत्तर काढूं गेल्यास शून्याला शून्यानें भागावयाची पाळी येते आणि विद्यार्थी अडतो. तिरपा गुणाकार येथें अडत नाहीं. तो शून्य देतो, आणि १५ व ४० या निराळ्या संख्या पाहून या रेषा समांतर आहेत हें स्पष्ट होतें. म्हणून भागाकाराच्या रीतीपेक्षां गुणाकाराची रीत हातीं ठेवणें शहाणपणाचें. परस्परांशीं काटकोन करणाऱ्या रेषांचा एक पोटप्रकार पुस्तकांत असतो, त्याला तक्त्यावर अर्थ नाहीं. मिनिटांची पट्टी थोडी ताणली कीं काटकोन बिघडतो. छेदणें, समांतर असणें आणि एकच असणें या तिन्ही गोष्टी मात्र कागद कितीही ताणला तरी तशाच राहतात.

खरी गाडी एकाच सरळ रेषेनें मुंबईहून भुसावळपर्यंत येत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. कसारा ते इगतपुरी हा थळघाट १८६५ सालीं गाड्यांना खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांत १ फूट इतका अवघड कीं गाडीला मागून ढकलणारीं इंजिनें लावावीं लागतात. तेथें रेघ पसरट होते, इगतपुरीला आडवी होते, पुढें सपाटीवर पुन्हां उभारी धरते. अशा प्रत्येक तुकड्याचें समीकरण निराळें, आणि तें त्या तुकड्यापुरतेंच खरें. दोन तुकड्यांचा छेद समीकरणांनीं इगतपुरीपासून उणें आठ किलोमीटरवर दाखविला, तर तो घाटांत पडतो, आणि घाटांत गाडी त्या समीकरणानें चालतच नाहीं. अशी भेट कागदावरची, रुळांवरची नव्हे.

राहतां राहिला एकेरी रुळाचा प्रश्न. इगतपुरी-नाशिकरोड मार्ग दुहेरी असल्यामुळें समोरासमोरच्या गाड्या शेजारून निघून जातात. परंतु नेरळहून माथेरानला १९०७ पासून जाणाऱ्या लहान गाडीसारखा मार्ग एकेरी असला, तर छेदनबिंदु स्टेशनाच्या आडव्या रेघेवरच पडला पाहिजे. दोन स्टेशनांच्या मध्यें पडून चालावयाचें नाहीं. आपल्या पहिल्या दोन गाड्या अशा एकेरी मार्गावर आहेत, आणि बाजूचा रूळ असलेलें स्टेशन इगतपुरीपासून ३० नव्हे तर ३७ किलोमीटरवर आहे, असें समजावें. गति बदलतां येत नाहीं. मग नाशिकरोडची गाडी आठ वाजतां न सोडतां आठ वाजून सतरा मिनिटांनीं सोडावयाची. वीस मिनिटांत ती १४ किलोमीटर जाते, म्हणजे आठ-सदतीसला ती ३७ व्या किलोमीटरवर. त्याच क्षणीं इगतपुरीची गाडीही तेथेंच. समीकरण ७क्ष + १०य = ५१० होतें, तें आतां ७क्ष + १०य = ६२९ झालें. सात आणि दहा जागच्या जागीं राहिले; रेघेचा कल तोच, ती नुसती स्वतःला समांतर उजवीकडे सरकली, आणि १७क्ष = ६२९ मधून क्ष सदतीस निघाला.